आधी गोटी सोडा, मग कोर्ट आखा
ठाण्यात उघड्यावर बर्फ कुठला! म्हणून क्लबच्या वर्धापनदिनाला फ्लोअर कर्लिंग, म्हणजे बर्फावर दगड सरकवून वर्तुळांच्या मध्याजवळ थांबवायच्या कर्लिंगचा जमिनीवरचा प्रकार, खाली बेअरिंग असलेल्या दगडांचा. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून आपल्याकडची कोर्टं एका अंगाला झुकलेली असतात. गोटी सोडून पाहा. ती घरंगळेल त्याच दिशेने पट्टा आखा. आडवा आखलात तर प्रत्येक दगड बाजूला पळणार. उभ्या पट्ट्यावर एक डाव चढाला, पुढचा उताराला, दोन्ही संघांना सारखंच.

लक्ष्याची वर्तुळं सुतळी-खडूने काढा. बर्फावर त्यांची त्रिज्या 6, 4 आणि 2 फूट असते. जागा कमी असेल तर निम्मी करा. रांगोळीचा मोह मात्र आवरा. बेअरिंगमध्ये कण गेले, की दगड मधेच रुसून बसतो. डिसेंबरात सकाळचं दव फडक्याने पुसून घ्या.