स्टोरेज एन्क्लोजरची प्रकृती कशी तपासत राहावी

सर्व्हरच्या डिस्क तपासण्याची सवय बहुतेकांना असते. त्या डिस्क ज्या एन्क्लोजरमध्ये (डिस्क ठेवण्याच्या पेटीत) बसवलेल्या असतात, त्याच्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. त्यातील पॉवर सप्लाय आणि पंखे जोडीने दिलेले असल्यामुळे एक बंद पडला तरी दुसरा भार उचलतो, काम सुरळीत चालते आणि बिघाड झाकलेलाच राहतो. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीसारख्या भागात यंत्रमागांमुळे सुताचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात आणि उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो; अशा ठिकाणी उरलेल्या एकाच भागावर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

सॅस (सर्व्हरला डिस्क जोडण्याची एक पद्धत) वापरणारे एन्क्लोजर सहसा एसईएस (एससीएसआय एन्क्लोजर सर्व्हिसेस) या मानकानुसार स्वतःची स्थिती स्वतःच सांगते. लिनक्सवर ‘एसजी३ युटिल्स’ (sg3_utils) हे पॅकेज बसवावे, ‘एलएसस्कझी’ (lsscsi) कमांडने एन्क्लोजरचे उपकरण शोधावे आणि ‘एसजी सेस’ (sg_ses) या कमांडला स्थितीचे, म्हणजे क्रमांक २ चे पान विचारावे. प्रत्येक पंखा, पॉवर सप्लाय, तापमान सेन्सर आणि डिस्कचा खण यांपुढे ‘ओके’, ‘नॉनक्रिटिकल’, ‘क्रिटिकल’ असा शेरा दिसतो. ‘नॉट इन्स्टॉल्ड’ हा शेरा रिकाम्या खणापुढे असेल तर चिंता नाही. पॉवर सप्लायपुढे दिसला तर लगेच जाऊन पाहावे. डिस्क रेड (RAID) कार्डामागे, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डामागे असतील, तर त्या कार्डाचे स्वतःचे साधन वापरावे.

माझ्या मते सर्वांत बोलका आकडा पंख्याच्या वेगाचा आहे. खोलीचे तापमान आणि कामाचा भार तेवढाच असताना फेरे आठवड्यागणिक वाढत असतील, तर बहुधा हवा आत येण्याच्या जाळीवर तंतू साचले आहेत, असे समजावे आणि तापमानाचा इशारा येण्याची वाट न पाहता जाळी साफ करावी. आत जाणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी, अशी अ‍ॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेची शिफारस आहे. म्हणून थर्मामीटर खोलीच्या दाराशी न लावता रॅकच्या पुढच्या बाजूस लावावा.

ही तपासणी क्रॉनवर (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी लिनक्समधील सोय) दर दहा मिनिटांनी लावावी. तापमान आणि फेरे सतत बदलतात, त्यामुळे त्यांची फक्त नोंद ठेवावी आणि शेरा बदलला तरच मेल पाठवावा. कमांडच चालली नाही, तर तोही इशारा मानावा.

डिस्क बदलताना आधी त्या खणाचा ओळखदिवा लावावा आणि डिस्क काढल्यावर सिरीयल क्रमांक ताडून पाहावा. दोन्ही पॉवर सप्लायच्या वायर वेगवेगळ्या यूपीएसवर असाव्यात. एवढे झाल्यावर, बॅकअप घेऊन आणि दुसरा सप्लाय ‘ओके’ असल्याची खात्री करून, एक वायर मुद्दाम काढावी व मेल खरोखर येतो का ते पाहावे.