एअरलॉक लहान बांधा: स्टेशनीअर्स नव्याने खेळणाऱ्यांसाठी

स्टेशनीअर्स या अंतराळात घर उभारायच्या कॉम्प्युटर गेममध्ये नवा माणूस पहिलं एअरलॉक (घरातली हवा न घालवता बाहेर पडायची दोन दारांची खोली) बांधतो ते हमखास हॉलएवढं. त्यात सूटचं कपाट, बॅटरीचा चार्जर, खनिजांच्या पेट्या, सगळं कोंबतो आणि मग दार उघडायला एवढा वेळ का लागतो म्हणून कुरकुरतो. उपाय काय, तर आणखी दोन व्हेंट, म्हणजे हवा ओढणारी-सोडणारी यंत्रं. व्हेंट वाढवून फरक पडतो, नाही असं नाही. पण हलवायची हवाच कमी केली तर जो पडतो, त्याच्यापुढे तो काहीच नाही.

हा गेम न्यूझीलंडच्या रॉकेटवर्क्झने डिसेंबर 2017 मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसला आणला. त्यात हवा नुसती ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशी नसते. दाब, आकारमान, तापमान आणि मोल (म्हणजे वायू किती आहे त्याचं माप), अकरावीच्या रसायनशास्त्रातलं समीकरण जसंच्या तसं चालतं. ज्यांनी ते परीक्षेपुरतं घोकलं त्यांची इथे वसुली होते. बांधकामाचा एक मोठा खण 2 मीटर बाय 2 बाय 2, म्हणजे 8000 लिटर. 101 किलोपास्कल दाब आणि 20 अंश तापमान धरलं तर त्या एका खणात साधारण 330 मोल हवा. नऊ खणांचं एअरलॉक बांधलंत तर जवळपास 3000 मोल, आणि तेवढी हवा दर फेरीला आधी ओढायची, मग परत भरायची. एकच खण ठेवलात आणि घरातला दाब 50 किलोपास्कलवर आणलात, तर तेच काम 165 मोलांत भागतं. अठरा पट कमी! तेही एकच व्हेंट लावून.

दाब कमी करायचा म्हटलं की नवे लोक बिचकतात. श्वासाला लागतो तो ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला ऑक्सिजनचा वाटा. एकूण दाब समुद्रकिनाऱ्यासारखा हवाच असं नाही. 1973 च्या स्कायलॅबमध्ये अंतराळवीर सुमारे 34 किलोपास्कलमध्ये राहिले, ऑक्सिजनचं प्रमाण वाढवून. फक्त ऑक्सिजन जास्त असलेल्या खोलीत ज्वलनशील वायू गळू देऊ नका, आणि झाडांची खोली वेगळी ठेवा, तिचं गणित निराळं आहे.

कपाटं एअरलॉकच्या बाहेर, घराच्या बाजूला. याला खराखुरा दाखला आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला जुलै 2001 मध्ये जोडलेलं ‘क्वेस्ट’ एअरलॉक दोन भागांचं आहे. मोठ्या भागात सूट आणि सामान, लहान भागातून बाहेर पडायचं. अंतराळात चालायला बाहेर पडताना निर्वात करतात तो लहानच भाग. त्यातली बहुतेक हवा पंपाने स्थानकात परत घेतात आणि उरलेली थोडी अवकाशात सोडून देतात.

ते सोडून देणं नीट समजून घ्या, कारण अर्धा वेळ तिथेच जातो. खऱ्या पंपाला 100 वरून 10 किलोपास्कलवर यायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढाच 10 वरून 1 वर यायला लागतो. हाती मात्र दहावा हिस्सा हवा येते. म्हणून एअरलॉक चालवणाऱ्या चिपच्या प्रोग्रॅममध्ये ‘दाब बरोबर शून्य झाला का’ अशी ओळ लिहू नका. 1 किलोपास्कलच्या खाली आला की बाहेरचं दार उघडा. एका खणातून तीनेक मोल हवा जाईल. जाऊ दे. घरात टाकीभर हवा असताना तीन मोलांसाठी उंबऱ्यावर ताटकळणं मला तरी पटत नाही.

ओढलेली हवा ठेवायची कुठे? वेगळी टाकी लागतेच असं नाही. पाइपचा एक तुकडा 10 लिटरचा. दहा तुकडे म्हणजे 100 लिटर, त्यात खणभर हवा गेली की दाब 80 पट होतो. 50 किलोपास्कलची हवा पाइपमध्ये 4 मेगापास्कलवर बसते, आणि तेवढं पाइप सहज सोसतो. गेममध्ये घर चंद्रावर असेल तर एवढ्यात काम संपतं. बाहेर वातावरण असेल, उदाहरणार्थ मंगळावर, तर दुसरा व्हेंट आणि त्याची पाइपलाइन वेगळी हवी. आधी घरची हवा ओढून घ्यायची, मग बाहेरची आत सोडायची. येताना उलट. दोन्ही एकाच पाइपमध्ये आल्या की घरात हळूहळू कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि कारण शोधता शोधता रात्र जाते.

आता दारं. मी रत्नागिरीत मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मेंटेनन्सला आहे. आत उणे 18 अंश, बाहेर कोकणातला जुलै. मधे एक छोटी खोली आणि दोन दारं. ट्रक लागला की घाईत दोन्ही दारं उघडी राहतात, दमट हवा आत घुसते आणि कॉइलवर बर्फ चढतो. ‘एका वेळी एकच दार’ असा फळा लावून कोणी ऐकत नाही, एक दार उघडं असताना दुसरं उघडूच न देणारा इंटरलॉकच लागतो. गेममध्येही तसंच: दाराचा मोड लॉजिकवर ठेवा, म्हणजे बटण दाबून ते थेट उघडणार नाही, चिप ठरवेल.

माझा आतेभाऊ कुडाळचा. त्याचा फोन आला, “दादा, दरवाजो उघडना नाय!” म्हटलं, “आतलो बंद झालो काय, ता बघ आधी.” त्याने प्रोग्रॅममध्ये वेळ मोजली होती: इतके सेकंद थांब, मग उघड. पाइपलाइन थोडी बदलली, व्हेंट अडला, की असं वेळापत्रक कोलमडतं. मोजायचा तो दाब, घड्याळ नव्हे. प्रोग्रॅमला तीन अवस्था पुरतात: आत उघडं, बाहेर उघडं, मधला प्रवास. मधल्या अवस्थेत दोन्ही दारं बंद असल्याची खात्री करूनच व्हेंट चालू करा. प्रोग्रॅमच्या प्रत्येक फेरीच्या शेवटी ‘यील्ड’ (चिपला क्षणभर थांबवणारी आज्ञा) लिहायला विसरू नका. चिपवर 128 ओळी मावतात. एअरलॉकला त्याच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी लागतात. प्रोग्रॅम नकोच असेल तर कन्सोलमध्ये (भिंतीवरच्या नियंत्रण-पटलात) एअरलॉकचा तयार सर्किट बोर्ड बसवा. सुरुवातीला तोच बरा, असं माझं स्पष्ट मत.

वीज गेली तर? आमच्याकडे पावसाळ्यात हा प्रश्न गेमपुरता नसतो. वीज नसलेलं दार पहारीने उघडता येतं, म्हणून एक पहार सूटच्या पट्ट्यात कायम ठेवा. पण पहारीने उघडताना चिप तुमच्या मदतीला नसते, दुसरं दार बंद आहे का ते स्वतः बघा. एअरलॉकला शक्यतो वेगळी बॅटरी द्या, भट्टी सुरू झाली की तिने खाल्लेल्या विजेचा फटका दारांना बसायला नको.

आणि लेबलर (वस्तूंना नावं द्यायचं अवजार) हाती आला की प्रत्येक व्हेंटला, दाराला, सेन्सरला नाव द्या: ‘पुढचं दार आत’, ‘पुढचं दार बाहेर’. दुसरं एअरलॉक बांधाल तेव्हा कन्सोलच्या यादीत सारख्याच नावाचे चार व्हेंट दिसतील, आणि चुकीचा निवडलात तर पहिल्या एअरलॉकचं बटण दुसऱ्याची हवा ओढेल.