मळीचं पाणी विहिरीत उतरलं तर

विहीर तांबडी दिसली की लोक बाटली भरून थेट प्रयोगशाळा गाठतात. तो अहवाल आपल्या माहितीपुरता. जल कायदा, 1974, कलम 21 प्रमाणे कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळानंच घ्यावा लागतो: कारखानदाराला नोटीस देऊन, दोन भाग करून, सीलबंद. नाहीतर कोर्टात पुरावा टिकत नाही. म्हणून सांडपाण्याचा ओढा वाहत असतानाच मंडळाला कळवा; एक पाऊस झाला की सगळं धुऊन जातं. अर्जात तारीख, वेळ, गट नंबर, फोटो घाला. मंडळाच्या छत्रपती संभाजीनगरच्या प्रादेशिक कार्यालयात द्या, पोच घ्याच. दाद नाही मिळाली, तर पुण्याचं हरित न्यायाधिकरण, म्हणजे पर्यावरणाच्या तंट्यांचं कोर्ट: वादासाठी मुदत 6 महिने, भरपाईसाठी 5 वर्षं.