आजीची चांदीची ताट-वाटी रोज वापरायची तर

वाटणीत आलेली चांदी बहुतेक घरांत थेट लॉकरात जाते. लक्ष्मीपूजनाला बाहेर काढावी तर काळीठिक्कर. मग चिंच, राख, टूथपेस्ट, हाताला येईल त्याने घासाघीस. माझं म्हणणं असं, की जेवणाची चांदी जेवणातच ठेवावी. काळेपणा म्हणजे गंधकामुळे चांदीवर चढणारा पातळ थर. रोज धुऊन पुसलेल्या वाटीवर तो जाड व्हायला सवडच मिळत नाही.

आधी भांडं पालथं करून बघा. ९२५ हा आकडा दिसला तर ती स्टर्लिंग चांदी: हजारात ९२५ भाग चांदी, उरलेलं बहुतेक तांबं. विलायती चमच्या-काट्यांवर चालता सिंह कोरलेला असेल, तर इंग्लंडमध्ये तपासलेल्या स्टर्लिंगची ती खूण. ‘ईपीएनएस’ अशी अक्षरं असतील तर वर फक्त चांदीचा मुलामा आहे. तो जोरात घासलात तर आतला पिवळट-करडा धातू डोकावेल. आपल्याकडच्या जुन्या ताट-वाट्यांवर मात्र बऱ्याचदा सोनाराच्या शिक्क्यापलीकडे काही नसतं. शंका असेल तर हॉलमार्किंग केंद्रात एक्स-रे यंत्रावर ओरखडा न काढता कस कळतो. चुंबकावर विसंबू नका. चांदी चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण पितळही चिकटत नाही, आणि नावापुरतंच सिल्व्हर असलेलं जर्मन सिल्व्हरही सहसा नाही.

आता वाढणी. चांदीची खरी वैरी म्हणजे आपल्या ताटाची डावी बाजू. मीठ, लिंबू, लोणचं, चटणी. त्यातही मीठ सर्वांत वाईट, कारण ओलं मीठ चांदीला नुसतं काळं करत नाही, खातं. आमच्याकडे एका वाटीत रात्रभर लोणचं राहिलं, चूक माझीच. सकाळी तळाशी खसखशीएवढे खड्डे दिसले. डाग पुसता येतो, खड्डा पुसता येत नाही. तेव्हापासून डावी बाजू केळीच्या पानाच्या तुकड्यावर किंवा काचेच्या चिमुकल्या वाटीत वाढतो. वरण-भात, खीर, बासुंदी बिनधास्त वाढा. हिंगाची फोडणी, कांदा-लसूण आणि अंडी यांत गंधक असतं. म्हणून आमटीची वाटी आणि अंड्याचा चमचा जेवण झाल्याझाल्या विसळायचा. पोह्यांनी घाबरून जाऊ नका, कांदा फार वेळ चिकटून राहिला तरच डाग.

चांदीइतकी उष्णता दुसरा कुठलाच धातू वाहून नेत नाही. उकळत्या आमटीची वाटी काठाला धरली की बोट झटकन मागे येतं. उष्टावणाच्या वाटी-चमच्याने बाळाला भरवताना चमचा आधी आपल्या ओठाला लावून बघा.

धुताना कोमट पाणी, सौम्य लिक्विड साबण, मऊ स्पंज. तारेची घासणी आणि हिरवी खरखरीत चौकट नको. डिशवॉशरही नको. त्याची पावडर कडक असते, आणि शेजारी स्टीलचं भांडं टेकून राहिलं तर डाग पडतात. सुऱ्यांच्या पोकळ मुठीत बहुधा राळेसारखा मसाला भरलेला असतो, तो गरम पाण्याने सुटतो; म्हणून सुऱ्या भिजत टाकू नयेत. भांडी घासायला मावशी येत असतील तर चांदी ढिगात टाकूच नका, आपणच चार मिनिटांत धुवावी. लगेच जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने कोरडी करा. थेंब वाळू दिले की ठिपके पडतात.

तरीही काळी पडलीच, तर चांदीसाठीच मिळणारं पॉलिश किंवा क्रीम मऊ फडक्यावर घ्या आणि सरळ रेषेत फिरवा, गोल गोल नाही. तांब्या-पितळेची पावडर आणि टूथपेस्ट दोन्ही चांदीवर चरे पाडतात. थर जाड असेल तर फॉइलची युक्ती चालते. काचेच्या पातेल्यात ॲल्युमिनियम फॉइल अंथरून एक लिटर उकळतं पाणी आणि दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घाला. चांदी फॉइलला टेकली पाहिजे, नाहीतर काहीच होत नाही. सडक्या अंड्यासारखा वास आला की समजा, गंधक चांदी सोडून चाललंय. दोन-तीन मिनिटांत काढून धुवा, पुसा. मात्र हे वर्षातून एखाद्या वेळीच. खडे जडवलेलं, लाख भरलेलं किंवा नक्षीत मुद्दाम काळा ठेवलेला नग त्यात बुडवू नये, नक्षीची सगळी खोली जाते.

न वापरायचे नग सुती किंवा मलमलच्या पिशवीत, मध्ये सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. वर्तमानपत्र, लोकर आणि रबरबँड चांदीपासून लांब. रबरात गंधक असतं. सहा चमचे रबराने बांधून ठेवले तर सहाही दांड्यांवर नेमकी तेवढीच काळी पट्टी उमटते.

सोनाराकडे उजाळा द्यायला नेलात तर एक सांगून ठेवा, बफ नको, म्हणजे फिरत्या चाकावर घासून चमकवणं नको. चाकावर चांदी झिजते, आणि वाटीच्या काठाखाली टिंबाटिंबांनी घातलेलं नाव आणि साल सर्वांत आधी पुसट होतं.