गुबगुबीत फॉन्टमध्ये मथळा मांडताना

जाड, गोल टोकांचा देवनागरी फॉन्ट वाचला जातो तो अक्षराच्या आतल्या मोकळ्या जागेमुळे. 'ब'चं पोट, 'क'च्या दोन्ही पोकळ्या, वेलांटी आणि शिरोरेषा यांच्यातली फट टिकली तर अक्षर खेळकर दिसतं. बुजली तर नुसता डाग उरतो.

'बलू २' आणि 'मोदक' हे 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचे दोन फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मुक्त परवान्याने मिळतात, व्यावसायिक कामालाही चालतात. बलूत ४०० ते ८०० अशी वजनं, म्हणजे जाडीच्या पायऱ्या, आहेत, त्यामुळे मथळा, उपमथळा, बटण असं सगळं त्यात निभावतं. मोदकला एकच वजन, आणि पोकळ्या अगदी बारीक चिरांएवढ्या. तो एक-दोन शब्दांसाठी, मोठ्या आकारातच वापरावा. त्यावर 'बोल्ड'चं बटण कधीही दाबू नका: सॉफ्टवेअर कडा फुगवून खोटा जाडपणा आणतं आणि चिरा बंद होतात.

कुठलाही नवा फॉन्ट घेण्याआधी त्यात 'राष्ट्र, शुद्ध, दुसऱ्या, ॲप, कृष्ण' एवढं टाइप करून बघा. 'ऱ्या' मोडला किंवा 'ॲ' भलत्याच फॉन्टमधून उसना आला, तर मराठी कामासाठी तो सोडून द्या. इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइन या ॲडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी चुकीच्या जागी पडत असेल तर दोष बहुधा फॉन्टचा नसतो. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्या नीट जुळवणारा कंपोझर (इनडिझाइनमध्ये 'वर्ल्ड-रेडी') निवडायचा राहिलेला असतो.

अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवा. रोमन मथळ्यात ते वाढवलेलं खपतं, इथे शिरोरेषा तुटते. दोन ओळींमध्ये आकाराच्या १.२ पटीपासून सुरुवात करा. वरच्या ओळीतले उकार आणि खालच्या ओळीतले रफार एकमेकांना भिडले तर अंतर वाढवा, किंवा ओळ दुसऱ्या शब्दावर तोडा. दुसरा उपाय बहुतेकदा जास्त छान दिसतो.

सगळ्यात जास्त कामं बिघडतात ती बाह्यरेषेमुळे. रेषा कडेच्या मधोमध बसली की निम्मी आत शिरते आणि पोकळी खाते. म्हणून ती बाहेरच्या बाजूला लावा आणि कोपरे गोल ठेवा. टोकदार कोपऱ्यांनी फॉन्टचा सगळा गोडवा जातो. शिवाय शिरोरेषेवर जिथे दोन अक्षरं जुळतात तिथे उभ्या रेघा उमटतात. त्यासाठी मजकुराचे आकार करून ('क्रिएट आउटलाइन्स') ते एकसंध जोडा, मगच रेषा द्या. वेबवर 'पेंट-ऑर्डर' या सीएसएस सूचनेने रेषा आधी आणि भरणी नंतर रंगवा. रेषेचा निम्मा भाग भरणीखाली झाकला जातो, तेव्हा जाडी दुप्पट धरा.

मुलांच्या पुस्तकाचं नाव, खाऊचं पाकीट, स्टिकर, खेळाच्या ॲपची बटणं ही या अक्षरांची हक्काची जागा. परिच्छेद मात्र 'मुक्त'सारख्या साध्या फॉन्टमध्ये लावा.

छपाईला देताना आकार केलेली फाइल पाठवा, पण टाइप केलेली प्रत वेगळी जपून ठेवा. आकार केल्यावर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही.