धार लावताना अंगठा कुठे असतो?

२०१६ च्या उन्हाळ्यात मी लातूरला मामाच्या दुकानात वस्तऱ्याला धार लावायला शिकत होतो. त्या वर्षी शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. एप्रिलमध्ये पहिली गाडी आली तेव्हा दहा वाघिणींत मिळून साधारण पाच लाख लिटर पाणी होतं. दुकानात आम्ही विकतचा जार घ्यायचो, आणि धारेच्या दगडाला तर पाणी लागतंच. जारचं पाणी जमिनीवर सांडताना बघवेना, म्हणून मी दगड टेबलावर ठेवायचं सोडलं. तो डाव्या तळहातात धरायचा, खाली परात ठेवायची आणि गळलेलं पाणी पुन्हा वापरायचं.

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी डावा अंगठा दगडाच्या काठाच्या वर आला होता आणि मला पत्ता नव्हता. आमचा दगड अरुंद, पातं त्याहून लांब. बाहेर आलेल्या पात्याने अंगठ्याची बाजू उघडली. दुखलं नाही. परातीतलं पाणी लाल व्हायला लागलं तेव्हा कळलं.

मी तुरटीकडे हात नेला. मामा ओरडला, "तुरटी सोड! आधी दाब त्याला." जारच्या पाण्याने जखम धुतली, स्वच्छ कापड घट्ट दाबलं, हात छातीच्या वर धरायला लावला आणि भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. पंधरा मिनिटं कापड उचलायचं नाही. थांबलं का ते मध्येच बघितलं की धरलेलं रक्त पुन्हा सुटतं. नंतर तीन टाके पडले आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. तुरटी दाढीच्या बारीक ओरखड्यासाठी ठीक. तोंड उघडलेल्या जखमेत तुरटी, हळद, चहापूड काहीही भरू नका. दाबूनही रक्त थांबत नसेल, बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल तर वाट न बघता दवाखाना गाठा, कारण बोटाची शीर कातड्यापासून फार खोल नसते.

नव्याने शिकायला येणाऱ्या पोरांना मी आधी हेच सांगतो, कारण सगळे दाढी करताना घाबरतात. दाढी करताना माणूस सावध असतोच. मी बघितलेल्या मोठ्या जखमा दगडावर, चामोटीवर (धार घासायच्या चामड्याच्या पट्ट्यावर), पुसताना आणि मिटताना झालेल्या आहेत, म्हणजे वस्तरा दाढी करत नसताना.

म्हणून दगड हातात नको. टेबलावर ओलं फडकं पसरून त्यावर दगड ठेवा, तो हलत नाही. हातात धरायचीच वेळ आली तर सगळी बोटं दगडाच्या वरच्या पातळीच्या खाली हवीत, आणि ती तशी आहेत का हे दर पाच-सहा फेऱ्यांनी डोळ्याने बघायचं. बोटं दगडाला घट्ट धरून बसतात आणि हळूहळू वर सरकतात, हे माझ्या अंगठ्याने मला शिकवलं.

वस्तऱ्याला कोनाची काळजी करावी लागत नाही, ती सोय पात्यातच केलेली असते. पाठ जाड आणि धार बारीक. दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकवली की कोन आपोआप बसतो. पाठ उचलली की धार गोल होते आणि मग माणूस जोर लावतो. जोर लावला की हात घसरतो. दगडावर धार पुढे करून चालवायचं, टोकाला आलं की पाठीवर पलटायचं. धारेवरून कधीच पलटायचं नाही, त्याने धारही जाते आणि दगड किंवा बोटही कापलं जातं. पात्याच्या स्वतःच्या वजनाहून थोडासाच जास्त भार पुरे.

पातं दातरलं असेल तरच १००० चा दगड काढा. हा आकडा दगडाच्या कणांचा, जितका मोठा तितका दगड बारीक. भिंगातून धार बघा, दातरे दिसले नाहीत तर तिथे जायचं कारण नाही. पुढे ४०००, मग ८०००, जमलं तर १२०००. ८००० च्या आत थांबलात तर गालावर ओढ बसते. ओढ बसली की हात दाबतो आणि तिथेच कापतं, म्हणून बोथट वस्तरा धारदारपेक्षा जास्त रक्त काढतो. दगडही सपाट हवा. मध्ये खोलगट झालेल्या दगडावर पातं डुलतं.

गावात सायकलवर चाक फिरवून विळी-कात्रीला धार लावणारे येतात. त्यांच्या हाताला माझा मान आहे, पण वस्तरा त्यांच्याकडे देऊ नका. फिरत्या चाकाने बारीक धार तापते, पोलादाचं पाणी उतरतं आणि मग धार टिकत नाही. शिवाय इतकं पातळ पातं चाकाने हिसकावलं तर ते कुठे उडेल याचा नेम नाही.

चामोटीवर उलटं. तिथे पाठ पुढे, धार मागे. चामड्याचा पट्टा खुंटीला अडकवून घट्ट ताणायचा. सैल पट्ट्यावर धार वळते. पट्टा धरलेल्या हाताची बोटं मागच्या बाजूला वळवून ठेवा, कारण वस्तरा येऊन थांबतो तो त्याच हाताजवळ. पन्नासेक फेऱ्या, सावकाश. सटासट आवाज काढत पट्ट्यावर वस्तरा फिरवणारा हात बघायला छान वाटतो. नवशिक्याने तसं केलं की पट्ट्याला चिरा जातात, आणि पट्टा नसेल तिथे मनगट असतं.

धार झाली का हे बघायला धारेच्या दिशेने बोट ओढू नका. आपल्याच हातावरचे केस पात्याला लागतात का ते बघा, एवढं पुरतं. पुसताना पाठीकडून चिमटीत धरून धारेकडे जायचं, पात्याच्या लांबीने कधीच नाही. मिटताना मूठ दोन्ही बाजूंनी धरा, खाचेवर बोट नको. खिळा सैल असेल तर पातं मुठीच्या मध्ये न बसता बाजूला येतं. असा वस्तरा खिळा घट्ट केल्याशिवाय वापरू नका.

आणि पडणारा वस्तरा पडू द्या. हे वाचून येत नाही, सराव करावा लागतो. मामा लाकडी पट्टी हातातून सोडायला लावायचा आणि मी धरायला झेपावलो की म्हणायचा, "काय करायलास? पाय मागं घे, हात वर." शंभरदा केल्यावर हात आपोआप वर जायला लागले. उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत तळहात घामाने ओले असतात, मूठ निसटतेच, आणि आपल्याकडे पायात चप्पल असते. धार लावताना बूट घाला, टॉवेल जवळ ठेवा. लाइट गेली की काम थांबवा. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

आता जिथे मला कुणाची गय करावीशी वाटत नाही ते. दगडावर धार लावलेला वस्तरा एकाच माणसाचा असतो. दुकानात गिऱ्हाइकाला अर्ध्या ब्लेडचा उस्तरा, आणि प्रत्येकाला ब्लेड त्याच्या डोळ्यांसमोर नवं. कावीळ 'ब' चा विषाणू वाळलेल्या रक्तात शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहतो, डोळ्यांना काही दिसत नाही. तुरटीचा एकच खडा सगळ्यांच्या गालावरून फिरवणं त्याच कारणाने बंद करा, भुकटी कापसावर घ्या. या धंद्यात येणाऱ्याने कावीळ 'ब' ची लस पहिल्या महिन्यातच सुरू करावी. तीन डोस असतात, दुसरा एक महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. वापरलेल्या ब्लेडने हात कापला तर साबण-पाण्याने धुवा, पिळून रक्त काढू नका आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. जितकं लवकर तितकं बरं. लाजेने दोन दिवस घालवलेली पोरं मी पाहिली आहेत. लाजायचं त्यात काय आहे? वापरलेली ब्लेडं झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका, कचरा उचलणाऱ्या बाईच्या हाताला ती लागू नयेत.

मामाचा वस्तरा सोलिंगेनचा आहे. जर्मनीतल्या त्या शहराचं नाव १९३८ पासून कायद्याने राखलेलं आहे, दुसरीकडे बनवलेल्या पात्यावर ते घालता येत नाही. मामाचे डोळे आता साथ देत नाहीत, म्हणून महिन्यातून एकदा तो वस्तरा माझ्याकडे पाठवतो. आमचं दुकान सोमवारी बंद असतं. सकाळच्या उजेडात, शटर अर्धं ओढून, मी ओलं फडकं पसरतो आणि दगड ठेवतो. मग डावा हात टेबलाखाली मांडीवर ठेवतो. वस्तरा परत देताना धार झाली का असं मामा विचारत नाही, आधी माझा अंगठा बघतो.