विहिरीच्या आतून

इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षेला स्मरणचित्रात मी विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका काढल्या होत्या. रहाट, कळश्या, मागे दोन माड. 'ए' ग्रेड मिळाली. गंमत म्हणजे ती विहीर मी बाहेरून अशी कधी निरखलीच नव्हती. मे महिन्यात आम्हा भावंडांचा मुक्काम तिच्या आतच असायचा.

आमचं गाव मालवणहून थोडं आत. दोन असोले नारळ एकमेकांना बांधून पोटाखाली घ्यायचे, असं आम्ही पोहायला शिकलो. नारळ सुटले आणि मला बुडीचं वेड लागलं. खाली जाऊन जांभ्याच्या चिऱ्याला धरून बसायचं. वर पोरांचा कालवा, घरात मोठ्यांची वाटणीवरून धुसफूस. आत मात्र यातलं काही नाही. आजी काठावरून ओरडायची, "गो, वर ये मगे! कितक्या वेळ पाण्यात ऱ्हवतलंस?" आवाज यायचा, पण तो कुठून येतोय ते कळायचं नाही.

मुंबईला कला महाविद्यालयात पहिल्याच वर्षी 'बालपण' हा विषय मिळाला. मी निळाशार समुद्र रंगवला. प्रवाळ, कासव, वरून येणारे किरण, सगळं इंटरनेटवरून उचललेलं. सरांनी एवढंच विचारलं, "हे पाणी कुठलं?" मला उत्तर देता आलं नाही.

आत्ता जे कोकणातून एलिमेंटरी, इंटरमिजिएट करून फाइन आर्टच्या सीईटीची तयारी करतायत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. सीईटीतही स्मरणचित्राचा पेपर असतो आणि तिथेही आपण बस स्टॉप, बाजार, विहिरीवरच्या बायका असलं पाठ केलेलंच काढतो. परीक्षेपुरतं ते ठीक आहे. पोर्टफोलिओ करताना मात्र स्वतःला विचारा, मी हे कुठून बघितलं होतं?

पाण्याखालची शांतता रंगवायची तर 'शांत वाटायचं' यापलीकडे जावं लागतं. तिथे नेमकं काय बदलतं? मी ते शोधायला लागले आणि पुढची दोन वर्षं त्यावर निघाली. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर धावतो, हवेतल्या चौपटीहून जास्त. दोन्ही कानांत तो जवळजवळ एकाच वेळी पोचतो, म्हणून दिशा हरवते. आजीच्या हाकेचं कोडं तिथे सुटलं. तोंड गार पाण्यात बुडवून श्वास रोखला की हृदयाचे ठोकेही मंदावतात. ती शांतता माझा भास नव्हती, शरीरच तसं वागतं.

सगळ्यात उपयोगी पडली ती नजरेची गोष्ट. आमच्याकडे गॉगल नव्हते. उघड्या डोळ्यांनी पाण्यात सगळं पुसट दिसतं, कारण डोळ्याचा पारदर्शक पडदा हवेत जितका प्रकाश वाकवतो तितका पाण्यात वाकवू शकत नाही. म्हणजे माझी आठवण धूसर होती ती काळामुळे नव्हे, ती मुळातच धूसर पाहिलेली होती! तेव्हापासून मी कडा काढणं सोडलं. 300 जीएसएमचा, म्हणजे जाड, जलरंगाचा कागद दोन्ही बाजूंनी भिजवायचा आणि ओल्यावर ओला रंग सोडायचा. पावसाळ्यात कोकणात कागद वाळता वाळत नाही म्हणून आपण कुरकुरतो, पण या कामाला तोच दमटपणा चांगला. रंग बराच वेळ सरकत राहतो. निळ्याला हात कमी लावा. आमच्या विहिरीचं पाणी सॅप ग्रीन आणि बर्न्ट सिएनाच्या मधलं होतं, शेवाळ आणि जांभ्याचं.

पुढे मास्क लावून पाहिलं तेव्हा आणखी एक मिळालं. पाणी स्थिर असताना खालून वर बघितलं, तर बाहेरचं सगळं जग एका गोल खिडकीत गोळा झालेलं दिसतं, आकाश आणि काठावर वाकलेली डोकीसुद्धा. एक मीटर खाली ती खिडकी साधारण सव्वादोन मीटर रुंद असते, आणि तिच्याभोवती पाण्याचा आरसा, त्यात चिऱ्यांचं उलटं प्रतिबिंब. खाली जाल तशी खिडकी रुंदावत जाते. माझी सगळी गोल चित्रं तिथून आली.

हे वेड एकट्या माझं नाही, हे कळल्यावर धीर आला. अमेरिकन व्हिडिओ कलावंत बिल व्हायोला सहा वर्षांचा असताना तळ्यात पडला होता. काकांनी त्याला बाहेर काढलं, पण त्याच्या मनात भीतीपेक्षा तिथलं सौंदर्य राहिलं आणि पाणी जन्मभर त्याच्या कामात येत राहिलं.

पैशांचंही सांगते. मालवणात पर्यटक सिंधुदुर्ग किल्ला आणि निळा समुद्र विकत घेतात, हिरवट विहीर नाही. मी दोन्ही करते. त्यात लाज कसली? किल्ल्याच्या पैशातून विहिरीचा कागद येतो.

पाण्यात स्केच करायचं असेल तर पांढऱ्या पीव्हीसीचा तुकडा पॉलिश पेपरने खरवडून घ्या. साधी पेन्सिल त्यावर पाण्यातही उमटते. पाणबुडे अशाच पाट्या वापरतात. बुडीआधी जोरजोरात श्वास घेऊ नका. त्याने दम वाढल्यासारखा वाटतो, पण श्वास घ्यायची निकड उशिरा जाणवते आणि माणूस आतच बेशुद्ध होऊ शकतो. पावसाळ्यात समुद्राच्या वाटेला जाऊ नका. आणि एकट्याने तर कधीच उतरू नका, विहीर घरची असली तरी.

माझ्यासाठी आतेभाऊ काठावर दोरी धरून बसतो, मोबाइल बाजूला ठेवायच्या अटीवर. मी वर आले की दर वेळी विचारतो, "काय गो, काय गावला?" मी पाटी त्याच्या हातात देते आणि परत खाली जाते.